माप आबांचं, बंदूक तेजूची

बंदुकीच्या दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाचं लग्न लवकर ठरत नाही. मुलीचे वडील विचारायचे, "काय करता?" मी खरं ते सांगायचो आणि आतून येणारी पोह्यांची बशी दारातच थबकायची. चार ठिकाणी असं झालं. पाचव्या ठिकाणी मात्र होणाऱ्या सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "दुकानातलं सामान घरी आणता का कधी?" मी म्हटलं, "अहो, मी जेवणाचा डबासुद्धा घरी परत आणायला विसरतो." जमलं. बायको अजून त्या डब्यावरून बोलते.

भाईंदर पूर्वेच्या त्या दुकानात मी एकतीस वर्षं बंदुका विकल्या आणि दुरुस्त केल्या. मूळचा मी रायगडातला, माणगावकडचा मोरे. राहायला जेसल पार्कात. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक माणूस, एक ससा, एक कावळासुद्धा मेला नाही. घरात झुरळ निघालं तर चप्पल बायको उचलते, मी पलंगावर चढतो. पण सोसायटीत आजही माझा दरारा आहे. पार्किंगवरून भांडण झालं की कुणीतरी हळूच म्हणतं, "जाने दो भाई, वो बंदूकवाले अंकल हैं." मी पण गैरसमज दूर करत नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

दुकानात येणाऱ्या दर दहातल्या नऊ गिऱ्हाइकांचा प्रश्न एकच असायचा. पहिली बंदूक घ्यायची आहे, कुठली घेऊ? आणि लगेच पुढे, "अशी द्या की सगळ्याला चालेल." सगळ्याला म्हणजे घराच्या राखणीला, खेळाला आणि, इथे आवाज खाली यायचा, शिकारीला.

शिकारीचं मी तिथेच मिटवून टाकायचो. बाबांनो, ती आपल्या देशात कधीचीच बंद झाली. एकदा उत्तनच्या वाटेवर बंगला बांधलेला एक गृहस्थ मला डोळा मारून म्हणाला, "खाडीवर बदकं फार येतात हो." मी म्हटलं, "येतात ना. दुर्बीण घ्या. समोरच्या चष्मेवाल्याकडे मिळते." शेठ माझ्यावर चिडले, गिऱ्हाईक तोडलं म्हणून. आमचे शेठ गुजराती, मनाने सज्जन, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरलं की त्यांच्या पोटात कळ यायची.

राहता राहिली राखण आणि खेळ. दोन्हीला एक बंदूक चालते का? चालते. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बारा बोअरची दुनळीच सांगायचो. तिच्यातून एक गोळी जात नाही, काडतुसातले शेकडो बारीक छर्रे जातात. यंत्र साधं. मधोमध मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवली, की दोन्ही नळ्या उघड्या पडतात, आत काडतूस आहे की नाही ते लहान पोरालाही दिसतं. बंदुकीत याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी असतात ती जुन्या वळणाची, आणि एकीवर एक असतात ती खेळाडूंच्या आवडीची. हवेत उडवलेली मातीची तबकडी फोडायचा जो खेळ आहे, त्याला ही वरखाली नळ्यांची बरी, कारण नजरेसमोर एकच रेष राहते. घराच्या राखणीबद्दल विचाराल तर माझं खरं मत शेठसमोर मी कधी सांगितलं नाही, आता सांगतो. कुत्रा पाळा. बंदूक कायद्याने कुलपात ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही चाव्या तुम्ही विसरणार, आणि चोर तोवर चहा पिऊन जाईल.

एक सेवानिवृत्त साहेब होते. निवडणूक आली की लायसन्सवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागतात, पोलिसात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. हे साहेब बंदूक जमा करून जायचे आणि रोज संध्याकाळी तिला भेटायला यायचे. "बरी आहे ना?" विचारायचे. मी आतून आणून दाखवायचो. ते तिच्या दस्त्यावरून हात फिरवायचे आणि खूश होऊन जायचे. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी मागचा भाग, जो खांद्याला टेकतो. सगळे नळीकडे बघतात. जाणकार दस्त्याकडे बघतो. नळी सगळ्यांसाठी एकच, दस्ता मात्र ज्याच्या त्याच्या अंगाचा. हे मी हजार गिऱ्हाइकांना शिकवलं आणि एकदा, नेमकं जिथे विसरायचं नव्हतं तिथे, स्वतःच विसरलो. तेच सांगायला बसलोय.

गोडदेवचे भोईर आबा आमच्याकडचं जुनं गिऱ्हाईक. उंचीला सहा फूट, वय सत्तरीपार, पांढऱ्या मिशा, आणि चालणं असं की रिक्षावालेसुद्धा हॉर्न न वाजवता थांबतात. एके काळी त्यांची मिठागरं आणि भातशेती. मिठाच्या राशीवर राखण करायला त्यांच्या वडिलांनी एकनळी घेतली, तिचं लायसन्स पुढे आबांकडे आलं. आता मिठागर नाही, शेतावर टॉवर उभे राहिले, बंदूक गंजून गेली. ती आबांनी आमच्याकडे देऊन टाकली. लायसन्स तेवढं उरलं.

वय झाल्यावर हयातीतच लायसन्स वारसाच्या नावे करता येतं. आबांना मुलगा एकच, रमेश. पाण्याच्या टँकरचा धंदा, खिशाला तीन मोबाइल. सगळं गोडदेव धरून चाललं होतं की बंदूक रमेशकडे जाणार. आबांनी अर्जावर नाव लिहिलं नातीचं, तेजूचं. रमेशची मुलगी. बी.कॉम. झालेली, बावीस वर्षांची, आणि उंचीला जेमतेम पाच फूट. आजीवर गेलेली. कॉलेजात एनसीसीत तिच्या हातात रायफल आली आणि मग शहराबाहेरच्या रेंजवर जाऊन ती क्लबच्या बंदुकीने तबकड्या फोडायला शिकली. पंचवीसमधल्या एकोणीस-वीस फोडायची. क्लबची बंदूक मात्र दहाजणांत एक, सरावाला आठवड्यातून एखादा तास मिळणार.

वारसाच्या अर्जाला घरच्या इतरांची हरकत नाही अशी सही लागते. रमेशने ती केली, पण अट घालून. माझ्यासमोर, दुकानात.

"सही करतो मी. पण यंदा राज्याच्या टीममध्ये हिची निवड झाली न्हाय तर बंदूक माझे नावावर, आन् ही मांडवान. पालघरचं स्थळ थांबून ऱ्हायलंय."

आबांनी तेजूकडे पाहिलं. तेजू म्हणाली, "चालेल, पप्पा." मग आबाही म्हणाले, "चालंल." एवढ्या सोप्या दोन 'चालेल'वर त्या पोरीचं वर्ष टांगणीला लागलं.

लायसन्स तेजूच्या नावे झाल्यावर बंदूक घ्यायला सगळे आले त्या दिवसाची गंमत मी विसरणं शक्य नाही. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला जशी भावकी जाते तसे टेम्पो करून नऊजण आले. आबा, आबांची बायको म्हणजे आय, रमेश, त्याची बायको, दोन आत्या, एक शेजारी, एक गावचे मास्तर आणि तेजू. शेठनी घाईघाईने सगळ्यांसाठी कोल्ड्रिंक मागवलं. खुर्ची एकच होती, त्यावर आबा बसले. तेजू पार मागे, पंख्याच्या बटणाशी उभी.

"काय रं मोरे, येचा आवाज कवडा हाय?" आबांचा पहिला प्रश्न.

"आवाज सगळ्यांचा सारखाच, आबा."

"आसा कसा सारका? आमचे बापाचे बंदुकीचा आवाज खाडीपलीकडं ऐकू जायचा."

"तेव्हा मध्ये बिल्डिंगी नव्हत्या ना."

थोरली आत्या म्हणाली, "भाऊ, याच्यान दुसरा कलर दाखवा ना. हा लई काळा हाय." धाकटीने दस्त्याच्या लाकडावर नख मारून बघितलं, सागवान आहे का म्हणून. अक्रोडाचं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आतून पोकळ निघंल." मास्तरांनी नळीत डोकावून "अंधार आहे" असा निष्कर्ष काढला. मी म्हटलं, "मास्तर, पहिला धडा. नळीत तोंडाकडून बघायचं नसतं."

तेजूच्या कामाची बंदूक माझ्या मनात आधीच होती. वरखाली नळ्यांची, परदेशी बनावटीची, एका जुन्या खेळाडूने विकायला ठेवलेली. अशी वस्तू आमच्याकडे वर्षातून एकदा येते. मी ती बाहेर काढली, मोडून रिकामी असल्याचं दाखवलं, आणि दिली. कुणाला दिली? खुर्चीवर बसलेल्याला. आमच्या धंद्याची ही खोडच आहे. दुकानात जो खुर्चीवर बसतो तो गिऱ्हाईक, बाकी सगळे पाहुणे.

आबा उठले. बंदूक खांद्याला लावली. आणि काय सांगू, त्या माणसाच्या अंगावर ती अशी बसली की शेठसुद्धा गल्ला सोडून पुढे आले. मान ताठ, गाल लाकडाला टेकलेला, बोट बरोबर चापावर. मूळ मालक आबांच्याच उंचीचा असणार. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. आयने लाजून पदर तोंडाला लावला, या वयात! माझ्या तोंडून निघून गेलं, "वा आबा! तुमच्यासाठीच घडवली बघा!"

मग तेजूलाही लावून बघायला दिली. दिली म्हणजे उपकार केल्यासारखी, सगळं ठरल्यावर. तिने उचलली. कोपर पार बाहेर गेलं, चापापर्यंत पोचायला खांदा पुढे आला, मान सारसासारखी लांबली. मला ते दिसलं. माझ्या या दोन डोळ्यांना स्वच्छ दिसलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, थोडी लांब आहे का?"

आबा मिशीला पीळ देत होते. शेठ पावतीपुस्तक उघडत होते. मी म्हटलं, "सवय होईल."

झालं. कितीतरी वेळा मी हे दोन शब्द वापरले आहेत. चष्मेवाला वापरतो, चप्पलवाला वापरतो, मीही वापरायचो. धंद्यातलं याहून सोयीचं वाक्य नाही. चप्पल चावली तर फोड येतो, बंदूक चावली तर काय होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मध्ये दसरा आला. आबांनी पूजेला आग्रहाने बोलावलं. टॉवरांच्या मधोमध त्यांचं बैठं घर, अंगणात पाट मांडलेला, त्यावर बंदूक, तिला झेंडूचा हार. थोरली आत्या हळद-कुंकवाचा ओला लेप करून चापाच्या फटीत बोट घालायला निघाली होती. मी ओरडलो, "ताई, तिथे नको, आत गंज धरेल! लाकडाला लावा." मग नारळ फोडला, तेव्हा त्याचं पाणी नळीवर शिंपडू नये म्हणून मी दोन्ही हात आडवे धरले आणि सगळं पाणी माझ्या सदऱ्यावर घेतलं. बंदूक गावदेवीला दाखवून आणली. आबा म्हणाले, "आता ही नुसती बंदूक न्हाय, मोरे. देवीचे पुढं ठेवलेली वस्तू झाली." तेव्हा मी मान डोलावली. प्रसादाला वड्या फार छान होत्या.

दिवाळी झाली आणि एका दुपारी तेजू एकटीच दुकानात आली. तोंडाला ओढणी. बाजूला केली तर उजवा गाल काळानिळा. मी आधी भलतंच समजलो.

"कोणी मारलं?"

"बंदुकीने, काका."

खांदाही तसाच होता. पंचवीसमधल्या अकरा-बारा तबकड्या फुटत होत्या. क्लबच्या रद्दी बंदुकीने वीस फोडणारी पोर स्वतःच्या बंदुकीने बारावर आली होती. निवड चाचणीला पाच आठवडे राहिले होते.

"रोज सराव करतेय. जास्त करतेय. जास्त केलं की अजून चुकतंय. घरी आत्या म्हणतात, क्लबमध्ये नशिबाने लागत होतं. पप्पांनी पालघरला फोन करून फोटो मागवलाय." ती हसायचा प्रयत्न करत होती. "काका, खरं सांगा. माझ्यातच काहीतरी कमी आहे ना?"

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्या पोरीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दस्त्याचं टोक तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि बोट चापाकडे न्यायला सांगितलं. ही आमची कच्ची तपासणी, शिंपी छातीला टेप लावतो तशी. बोट चापाच्या अलीकडेच राहिलं, चांगलं दीड इंच. म्हणून ती मान ताणत होती, म्हणून गाल लाकडावर नीट टेकत नव्हता, आणि मग प्रत्येक धक्क्याला लाकूड येऊन गालावर आपटत होतं. असं असताना बारा तबकड्या फोडत होती. मी तर म्हणेन बारा हाच चमत्कार होता.

"तुझ्यात काही कमी नाही," मी म्हटलं. "दस्त्यात दीड इंच जास्त आहे. कापावा लागेल."

तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला. "कापायचा? देवीला दाखवलेली बंदूक? आबांना कोण सांगणार?"

"तू सांग."

"मी नाही. तुम्ही सांगा."

शेठ तिकडून म्हणाले, "मोरे, बेचा हुआ माल है. तू काय को बीच में पडता है? वो बुढ्ढा तेरे को ही काटेगा."

रविवारी सकाळी खिशात टेप घालून गोडदेवला गेलो. जेसल पार्कपासून काय ते अंतर, पण त्या दिवशी मी वाटेत दोनदा चहा प्यायलो. अंगणात आबा खाटेवर, रमेश मोबाइलवर, आय सुपात तांदूळ निवडत बसलेली, तेजू दारात. मी विषय काढला. 'कापणे' हा शब्द ऐकताच आबा उभे राहिले.

"करवत? देवीचे पुढं ठेवलेले वस्तूला करवत लावतंस?"

"आबा, नळीला नाही, लाकडाला. दीड इंच."

"पोर वाढंल आजून."

"बावीस वर्षांची आहे आबा. आता वाढलीच तर आडवी वाढेल."

तेजू फिस्सकन हसली. आबा हसले नाहीत. रमेशने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "मी कवापासून बोलतोय, बंदूक ही पुरुषाची वस्तू. अंगान ताकद लागते. आता बंदुकीला नावं ठेवून काय उपयोग? पोरीला जमत न्हाय, तं न्हाय जमत."

तेजू हसायची थांबली आणि खाली मान घालून दारातून आत वळली. मी चरकलो. माझ्या त्या 'सवय होईल'पायी ती पोर स्वतःला कमी समजत होती आणि मी अजून लाकूड, इंच, टेप असलं बोलत बसलो होतो. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर जे कधी बोललो नव्हतो ते बोललो.

"रमेश, तिला जमतं. मला जमलं नाही. चूक माझी आहे. बंदूक तिची आणि माप मी आबांचं घेतलं. लांब आहे हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तिने विचारलंही होतं."

आबा हळूच म्हणाले, "मंग तवा का न्हाय बोललास?"

"तुम्हाला फार शोभत होती आबा. आणि शेठनी पावतीपुस्तक उघडलं होतं."

आबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता मारतातच. ते खाटेवर बसले, मिशीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "चूक तुजी. पन देवीचं काय? देवीला काय सांगू? तुजे पुढं ठेवली ती तोडून आनली?"

तेव्हा सूप बाजूला ठेवून आय बोलली. एवढ्या वर्षांत मी त्या बाईचा आवाज फारतर 'चहा घ्या' एवढाच ऐकला होता.

"मना एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "देवीचा मुखवटा सोनाराकडं करायला दिलाव, तं माप कोनाचं दिलाव? देवीचं का पुजाऱ्याचं?"

"देवीचं," आबा पुटपुटले.

"पुजाऱ्याचे मापाचा केला आसता," आय म्हणाली, "तं देवीचे नाकावरून खाली पडला आसता. मंग तुमी काय बोलला आसता, देवीला जमत न्हाय?"

रमेश एकदम मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. तेजू दारात परत आली होती. आबा बायकोकडे बघत राहिले. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर आज नवीन ओळख झाल्यासारखे. मग माझ्याकडे वळून खेकसले, "टेप आनलास का नुसताच आलास?"

दुसऱ्याच दिवशी दुकानात काम केलं. या वेळी खुर्चीवर तेजू, आबा स्टुलावर. माप तीनदा घेतलं. लाकूड कापलं की कापलं, ते परत चिकटत नाही, म्हणून खूण करताना माझी पेन्सिल दोनदा मोडली. करवतीच्या पहिल्या ओढीला आबांनी डोळे मिटले. शेठ कॅलेंडरकडे तोंड करून उभे. घासलं, तेल लावलं, मागे रबराची पातळ गादी बसवली, गाल टेकतो तिथे लाकूड थोडं उतरवलं. तेजूने उचलली आणि बंदूक सरळ खांद्यात जाऊन बसली. 'सवय होईल' म्हणायची वेळच आली नाही. कापलेला तुकडा आबांनी रुमालात गुंडाळून खिशात घातला. देवीकडे नेणार म्हणाले, हिशेब पुरा असावा.

चाचणीच्या दिवशी भोईरांचा टेम्पो निघाला आणि त्यात दहावा मी. पहिले सहा निवडले जाणार होते. तेजूचा पहिला फेरा बरा गेला, दुसऱ्यात ती गडबडली, लागोपाठ तीन चुकल्या. थोरली आत्या पुटपुटली, "नशीब." आयने तिच्याकडे नुसतं बघितलं, आत्या डब्यातल्या चकल्या वाटायला लागली. मी घामाने भिजलो होतो. एकतीस वर्षांत दुकानातून किती बंदुका पाठवल्या आणि परत वळून पाहिलं नाही की ती कुणाच्या गालावर आपटतेय. कितीजणांना मी 'सवय होईल' म्हटलं असेल आणि कितीजणांनी ते आपलंच कमीपण समजून बंदूक कपाटात टाकली असेल? तेजू तरी धिटाईने परत आली. न आलेल्यांचं काय? हे तिथे बाकावर बसून मनात येत होतं, आणि ते अजून जात नाही.

शेवटच्या फेऱ्यात तेजूने पंचवीसमधल्या तेवीस फोडल्या. यादी लागली तेव्हा मला चष्मा पुसूनही काही वाचता येईना. रमेश गर्दीत घुसला आणि तिथूनच ओरडला, "पाचवी! आमची पाचवी!" आणि मग त्या टँकरवाल्या माणसाने खिशातले तिन्ही मोबाइल बाहेर काढले आणि पालघर सोडून सगळीकडे फोन लावले.

आबा मात्र जागेवरून हलले नव्हते. तिथला एक अधिकारी अभिनंदन करायला आला तर आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा मोरे. येनाच आमाला चुकीची बंदूक इकली." मी हात जोडले. दुसरं काय करणार?

तेजू आली, बंदूक मोडलेली, दोन्ही नळ्या रिकाम्या, हातावर आडवी. "आबा, बघा ना लावून एकदा." मी नळ्या तपासल्या, मान हलवली. आबा उठले. दुकानात उभे राहिले होते तसेच ताठ उभे राहिले आणि मोठ्या ऐटीत बंदूक खांद्याला नेली. दस्ता आता आखूड, मूठ थेट तोंडापाशी आली. त्यांचाच अंगठा त्यांच्या नाकावर काडकन बसला.

सगळे हसले, आयसुद्धा. आबांनी बंदूक खाली घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी तेजूच्या हातात ठेवली.

"मना न्हाय होत आता," ते म्हणाले. "तुजीच हाय."

त्यांचे डोळे भरून आले होते. नाकाला लागलं म्हणून, असं त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. माझ्या नाकाला मात्र काहीच लागलं नव्हतं.